वॉर्ड सोडवत नाही, आणि राहवतही नाही

*ताई, मी २७ वर्षांची आहे. चार वर्षं मेडिसिन वॉर्डात नर्स म्हणून काम करते. गेल्या वर्षी मधुमेहाच्या एक बाई पायाच्या जखमेसाठी तीनदा भरती झाल्या. तिसऱ्या खेपेला पाय गुडघ्याखालून काढावा लागला. तेव्हापासून एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करायचं डोक्यात आहे. अशा उशिरा येणाऱ्या रुग्णांची मी एका वहीत नोंदही ठेवते, आतापर्यंत अकरा झाले. पण बाबा म्हणतात, "खाटेवरचा माणूस सोडून कागद रंगवायला जाणार का?" शाळा सुटल्यापासून गणिताला हात लावलेला नाही. अर्जासोबतचं निवेदन पहिल्या परिच्छेदापुढे सरकत नाही. मी पळ तर काढत नाही ना? – द्विधा*

प्रिय द्विधा,

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू जाता जाता लिहून गेलीस. ती वही. ती ठेवायला तुला कुणी सांगितलं नव्हतं. बारा तासांची पाळी संपवून, पाय दुखत असताना, तू बसून लिहिलंस की आज आणखी एक माणूस असाच उशिरा आला. पळ काढणारी माणसं असं करत नाहीत.

तरी एक प्रश्न स्वतःला विचार. त्या बाई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मनात आधी काय आलं? 'मी यांना आणखी नीट समजावायला हवं होतं' असं, की 'ही सगळी माणसं इतक्या उशिरा का येतात' असं? पहिलं आलं असेल, तर तुला एमपीएच नकोय. मधुमेही पायाच्या जखमांचं विशेष प्रशिक्षण घे, त्याच वॉर्डात राहा, खूप माणसांचे पाय वाचवशील. दुसरं आलं असेल, तर त्याचं उत्तर वॉर्डात बसून मिळणार नाही. ते वॉर्डाच्या आधी घडलेल्या गोष्टींत आहे. पाय तपासतो कोण, किती महिन्यांनी, दवाखाना किती लांब, एका दिवसाची मजुरी बुडवून तिथे जाणं कुणाला परवडतं. वहीबद्दल वाचून मला वाटतं तुला दुसरं आलं असावं. पण हे तूच ठरवायचं आहेस.

आता बाबांचं म्हणणं. त्यांच्या बोलण्यात तुझ्या कामाबद्दलचा अभिमान आहे, तो आधी ओळख. नर्सने रुग्णाजवळ असावं असंच त्यांना वाटतं. त्यांना फ्लॉरेन्स नाइटिंगेलची उरलेली अर्धी गोष्ट सांग. हातात दिवा घेऊन खाटांमधून फिरणारी बाई सगळ्यांना माहीत असते. क्रिमियन युद्धाच्या वेळी, १८५४ साली, ती आजच्या इस्तंबूलमधल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेली. तिथे सैनिक मरत होते ते जखमांपेक्षा कितीतरी जास्त हगवण, कॉलरा, टायफस अशा रोगांनी. मार्च १८५५ मध्ये ब्रिटिश सरकारचा स्वच्छता आयोग आला, गटारं उपसली, हवा खेळती केली, आणि मृत्यू झपाट्याने घटले. युद्ध संपल्यावर तिने विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसून ते आकडे तपासले. टाळता येण्याजोग्या रोगांनी किती बळी घेतले, हे दाखवणाऱ्या वर्तुळाकार आकृत्या १८५८ मध्ये तिने छापल्या. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सदस्य करून घेतलं, तिथली ती पहिली स्त्री. खाटेजवळ तिने जे पाहिलं, तेच ती कागदावर घेऊन गेली.

पण एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. वॉर्डात बरं होऊन जाणारा माणूस दारात थांबून तुझा हात हातात घेतो. सार्वजनिक आरोग्यात ज्याचा पाय वाचला, त्याला आपला पाय जाणार होता हेच ठाऊक नसतं. तुलाही तो माणूस कधी भेटत नाही. त्या हाताशिवाय आपल्याला वर्षानुवर्षं काम करता येईल का, हे अर्ज भरण्याआधी बघ. कसं बघायचं? कुठल्या तरी लसीकरणाच्या, सर्वेक्षणाच्या किंवा आरोग्य शिबिराच्या कामात सुट्टीचे दिवस घाल. चार-सहा महिने. प्रशिक्षण देऊन निघून जाण्यापेक्षा माहिती गोळा करण्याचं, रजिस्टरं जुळवण्याचं काम माग.

माझं पहिलं सर्वेक्षण हात धुण्याबद्दल होतं. जेवणाआधी साबणाने हात धुता का, असं विचारलं की घरोघरी 'हो' यायचं. मी खूश होऊन रकाने भरत होते. तिसऱ्या दिवशी बरोबरच्या अनुभवी कार्यकर्तीने मला नुसतं नळाजवळ नेलं. साबणाची वडी कोरडी ठणठणीत, वर भेगा पडलेल्या. पुढच्या घरी साबणच नव्हता. त्या दिवशी प्रश्न बदलला: 'हात धुता का' ऐवजी 'तुम्ही हात कुठे धुता, ते दाखवाल का?' कागद रंगवणं म्हणतात ते हे असतं. ते करताना तुला कंटाळा येतो की त्या वडीकडे बघून अंगावर शहारा येतो, यावरून तुझं तुला कळेल.

गणिताची भीती मी हलक्यात घेत नाही. बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे आरोग्याच्या आकडेवारीचं शास्त्र, आणि एपिडेमिऑलॉजी, म्हणजे साथरोगशास्त्र, हे विषय एमपीएचचा कणा आहेत. पण तिथलं सुरुवातीचं गणित कसलं असतं ते बघ. कागद-पेन घे. १०,००० माणसं आहेत, त्यांपैकी एक टक्का, म्हणजे १०० जण आजारी. चाचणी अशी की आजारी १०० पैकी ९९ जणांना पकडते, आणि निरोगी १०० पैकी ५ जणांना चुकून आजारी ठरवते. तर पॉझिटिव्ह किती? आजाऱ्यांमधले ९९. निरोगी ९,९०० पैकी ४९५. एकूण ५९४. त्यात खरे आजारी ९९, म्हणजे सहातला एक. चाचणी इतकी चांगली, तरी पॉझिटिव्ह आलेल्या सहांपैकी पाच जण निरोगी! गुणाकार आणि भागाकार यांपलीकडे यात काही नाही, अवघड आहे तो विचार. आणि ज्या बाईने रात्री दोन वाजता औषधाचे डोस वजनावर काढलेत, तिला हे जमेल. टक्केवारी, गुणोत्तर, लॉगॅरिदम, आलेख वाचणं एवढं रोज अर्धा तास घासून काढ. मग आर हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर उतरवून घे, ते फुकट आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे बरेच ऑनलाइन अभ्यासक्रमही विनामूल्य आहेत. एखादा पूर्ण कर, म्हणजे अर्जात दाखवायलाही काहीतरी होईल.

अभ्यासक्रम निवडताना कॉलेजच्या नावाआधी बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. एमपीएच ही कामाची पदवी आहे. तुला संशोधनातच राहायचं असेल, पुढे पीएचडी करायची असेल, तर साथरोगशास्त्रातली एमएससी जास्त उपयोगी पडू शकते. अभ्यासक्रमाला मान्यता कुणाची आहे ते तपास. अमेरिकेत हे काम सीईपीएच ही संस्था करते आणि तिच्या नियमाप्रमाणे एमपीएच किमान ४२ क्रेडिटची असावी लागते. प्रत्यक्ष कामाचा भाग, ज्याला प्रॅक्टिकम म्हणतात, तो कुठे होतो आणि ती जागा कॉलेज मिळवून देतं की विद्यार्थ्यानेच शोधायची, हे माजी विद्यार्थ्यांना विचार. माहितीपत्रकातल्या हसऱ्या फोटोंवर जाऊ नकोस. पास होऊन दोन वर्षं झालेल्या तिघांशी बोल आणि नोकरी कधी, कुठे लागली ते सरळ विचार. या क्षेत्रातल्या बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पाच्या निधीवर चालतात. निधी संपला की करार संपतो, आणि सुरुवातीचा पगार वॉर्डातल्या पगारापेक्षा कमीही असू शकतो. मोठं कर्ज काढून जाणार असशील तर हा हिशेब आधी मांड. नोकरी सांभाळून करता येणारे अर्धवेळ अभ्यासक्रमही आहेत. तुझ्यासारखीला ते कमी दर्जाचे वाटायचं कारण नाही, उलट सकाळी शिकलेलं संध्याकाळी वॉर्डात तपासता येतं.

निवेदनाचा जो परिच्छेद पाठवलास, तो 'लहानपणापासून मला समाजसेवेची ओढ होती' इथून सुरू होतो. तो काढून टाक. खोटा आहे म्हणून नाही, पण ते वाक्य कुणीही लिहू शकतं. अकरा जणांची वही फक्त तुझ्याकडे आहे. तिथून सुरुवात कर: काय दिसलं, कशाची नोंद ठेवावीशी वाटली, त्यातून कुठला प्रश्न पडला, तो सोडवायला तुला काय येत नाही, आणि ते या अभ्यासक्रमात कुणाकडून शिकायचं आहे. शिफारसपत्रासाठी मोठ्या हुद्द्याच्या, पण तुला न ओळखणाऱ्या माणसाकडे जाऊ नकोस. ज्या सिस्टरने तुझं काम चार वर्षं पाहिलंय तिच्याकडे जा, आणि तिला निदान महिनाभर आधी सांग.

त्या वहीबद्दल मात्र आजच एक काम कर. त्यात रुग्णांची नावं, केस नंबर, पत्ते असतील तर ते काढून टाक. निवेदनात कुणाची ओळख पटेल असं काही लिहू नकोस. आणि या नोंदींचं पुढे अभ्यासात रूपांतर करावंसं वाटलं, तर आधी रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीची परवानगी घे. त्या अर्जात अभ्यासाचा प्रश्न, पद्धत आणि माहिती कशी जपणार हे सगळं लिहावं लागतं. तो लिहायला बसलीस की अर्धं निवेदन आपोआप तयार होईल.

राजीनामा इतक्यात देऊ नकोस. बाबांना एकदा वही उघडून दाखव. अकराही नोंदी त्यांना वाचून दाखव आणि त्यांना काय वाटतं ते ऐकून घे. मग मला कळव.

तुझी,
ताई