वाचकांचे प्रश्न : हुरड्याची गोडी आणि दाण्याचे भरणे

प्रश्न : ज्वारीचा हुरडा थोडेच दिवस गोड लागतो, पुढे त्याच कणसातले दाणे पिठूळ होतात. मग ती साखर जाते कुठे? दुसरे असे की, पाण्याची काहीही कमतरता नसताना उशिरा पेरलेल्या गव्हाचे दाणे मार्चच्या उन्हात का चिमतात? या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे का?

उत्तर : संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. हुरड्यातील साखर बाहेर कुठेही जात नाही. तिचा दाण्यातच स्टार्च होतो. उन्हाने गव्हाचा दाणा चिमतो तो मुख्यतः हे रूपांतर मंदावल्यामुळे आणि त्यासाठी मिळणारे दिवस कमी झाल्यामुळे.

पानांत तयार झालेली साखर सुक्रोजच्या रूपाने दाण्याच्या बुडाशी येते आणि तेथून भ्रूणपोषात, म्हणजे ज्याचे पुढे पीठ होते त्या भागात, शिरते. फुलोऱ्यानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत या भागातील पेशींचे विभाजन जोरात चालू असते, म्हणून तेव्हा साठवणुकीपेक्षा वाढीला साखर अधिक लागते. मक्यात या टप्प्यावर दाण्याच्या बुडाशी असलेले इन्व्हर्टेज हे विकर (एन्झाइम, म्हणजे पेशीतील क्रिया घडवून आणणारे प्रथिन) सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग करते. आनुवंशिक दोषामुळे हे विकर ज्या मक्यात तयार होत नाही, त्याचा दाणा अगदी खुरटा राहतो. दाणा चिकात आला की सुक्रोज फोडण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुक्रोज सिंथेज या दुसऱ्या विकराकडे जाते.

हा बदल का होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. इन्व्हर्टेजने सुक्रोज फोडले तर सुटणाऱ्या दोन्ही भागांना पुढच्या क्रियेसाठी एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जाद्रव्य, नव्याने खर्चावे लागते. सुक्रोज सिंथेजच्या मार्गात मात्र ग्लुकोजचा भाग युडीपी या रेणूला जोडलेलाच सुटतो आणि पुढे पायरोफॉस्फेट या छोट्या फॉस्फेटयुक्त रेणूच्या साह्याने थेट वापरला जातो; त्यामुळे एटीपीची बचत होते. ही बचत दाण्याला हवीच असते, कारण त्याच्या आत प्राणवायू कमी असतो. जर्मनीतील गाटर्सलेबेन येथील संशोधकांनी सातूच्या वाढत्या दाण्यात अतिसूक्ष्म संवेदक घालून मोजमाप केले, तेव्हा भ्रूणपोषाच्या आतल्या भागात प्राणवायूची पातळी फारच खाली असल्याचे दिसले. दाण्याच्या हिरव्या सालीत प्रकाशसंश्लेषण होते, त्यामुळे उजेडात ही टंचाई काहीशी कमी होते. कोवळ्या दाण्याचा हिरवेपणा असा उपयोगी पडतो, आणि एवढ्याशा दाण्यातली ही व्यवस्था मला अतिशय विलक्षण वाटते.

एटीपीचा मोठा खर्च यानंतरच्या पायरीवर होतो. एडीपी-ग्लुकोज पायरोफॉस्फोरायलेज असे लांबलचक नाव असलेले विकर प्रत्येक ग्लुकोजमागे एक एटीपी खर्चून एडीपी-ग्लुकोज, म्हणजे स्टार्चच्या साखळीत जोडायला तयार असलेले ग्लुकोज, बनवते. पानांत हे काम हरितलवकात, म्हणजे पेशीतील हिरव्या कणांत, होते. तृणधान्यांच्या भ्रूणपोषात मात्र ते बहुतांशी लवकाबाहेर, पेशीरसात होते, आणि तयार झालेले एडीपी-ग्लुकोज अमायलोप्लास्ट या पांढऱ्या लवकात नेले जाते. या क्रियेत पायरोफॉस्फेट सुटते व ते सुक्रोजच्या विघटनानंतरच्या पायरीत पुन्हा कामी येते. लवकाच्या आत स्टार्च सिंथेज साखळ्या लांबवते आणि दुसरी विकरे त्यांना फांद्या फोडतात. पक्व ज्वारीच्या दाण्यात साधारण 70 टक्के स्टार्च असतो, तो असा साठत जातो. हुरड्याच्या अवस्थेत स्टार्च बराच साठलेला असला, तरी रूपांतर व्हायची साखर अजून मोकळी असते. म्हणूनच दाणा मऊ असूनही गोड लागतो. आगटीतल्या निखाऱ्यांची धग लागली की ही सारी विकरे निकामी होतात आणि साखर आहे तेवढीच राहते.

एडीपी-ग्लुकोज तयार करणारे विकर बिघडले तर काय होते, याचे उत्तर बाजारात मिळते. अतिगोड स्वीट कॉर्नच्या अनेक वाणांत याच विकराचा एक घटक सदोष असतो. साखर येत राहते, स्टार्च मात्र थोडाच होतो, त्यामुळे कणीस गोड लागते. असे बियाणे वाळल्यावर सुरकुतलेले दिसते, तेही याच कारणाने. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात जॉन लॉफनन यांनी 1950च्या दशकात हा गुण स्वीट कॉर्नच्या पैदाशीत आणला.

आता गव्हाविषयी. गव्हाच्या दाण्यातील विरघळणारे स्टार्च सिंथेज उष्णतेला फार हळवे असते. दाणे भरताना तापमान 25 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले की त्याची कार्यक्षमता घटू लागते आणि 30 अंशांच्या पुढे ही घट ठळक होते. तापवलेल्या ओंब्यांवरील प्रयोगांत दाण्यातील सुक्रोज कमी झालेले आढळले नाही, तरी स्टार्च मात्र कमी साठला. याचा अर्थ कच्चा माल दाण्यात असतो, रूपांतर अडलेले असते. शिवाय उष्णतेने पीक लवकर पक्व होते, भरण्याचे दिवस घटतात आणि श्वसनात जादा साखर जळते. प्रथिनांवर या सगळ्याचा परिणाम स्टार्चइतका होत नाही. त्यामुळे चिमलेल्या गव्हात प्रथिनांचे शेकडा प्रमाण पुष्कळदा जास्त भरते, पण त्यावरून दाणा सकस झाला असे मानू नये. 2022चा मार्च हा देशात 1901पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण मार्च ठरला. त्या वर्षी पंजाब-हरियाणातील बागायती गव्हाचेही दाणे चिमले आणि 13 मे रोजी केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली.

पाण्याने पिकाभोवतीचे तापमान थोडे उतरते, म्हणून दाणे भरण्याच्या काळातली पाळी चुकवू नये. पण पाणी देऊन मार्चचे ऊन टाळता येत नाही. महाराष्ट्रात नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बागायती गहू पेरण्याची शिफारस आहे, तिच्यामागे इतर कारणांबरोबर हेही आहे की दाणे थंडी असतानाच भरून निघावेत. पेरणीला उशीर होणारच असेल, तर उशिरा पेरणीसाठी शिफारस केलेला वाणच निवडावा.