काशीला सासऱ्यांना न्यायचंय, रूम घाटाजवळ घ्यावी की स्टेशनकडं?

ताई नमस्कार, मेसेज दोनदा वाचला, उशिरा उत्तर देतोय त्याबद्दल सॉरी, जूनमध्ये आमच्याकडं टॅक्सच्या कागदांची गर्दी असते.

बाकीच्यांना कळावं म्हणून प्रश्न थोडक्यात सांगतो. ताई सांगलीतल्या विश्रामबागच्या. घरातले पाच जण काशीला निघालेत, त्या, मिस्टर, अकरा वर्षांचा मुलगा, सासरे ७४ आणि सासूबाई ६९. सासऱ्यांचे गुडघे गेलेत पण रोज पहाटे गंगास्नान आणि संध्याकाळी आरती एवढी एकच इच्छा. चार रात्री, दोन रूम. स्टेशनजवळच्या कॅन्टोन्मेंटकडं एका रूमला रात्रीचे २६०० सांगितलेत, अस्सी घाटाजवळ ३५००, दशाश्वमेधच्या गल्लीत गंगा दिसणारी रूम ४८००, आणि दीर म्हणतायत कशाला खर्च करताय, धर्मशाळेत ९०० मध्ये होतंय. एकूण बजेट सव्वा लाख, त्यातले साठ हजार कमी पडतायत, ते क्रेडिट कार्डच्या नो कॉस्ट ईएमआयवर (बिनव्याजी म्हणवणारे हप्ते) घ्यावेत का सासऱ्यांची एफडी मोडावी हा दुसरा प्रश्न.

आधी रूमचं बघू कारण खरी गोची तिथंच आहे.

तुम्ही जो हिशोब पाठवलाय तो बरोबरच आहे पण अर्धा आहे. कॅन्टोन्मेंट २६०० गुणिले दोन रूम गुणिले चार रात्री, २०८००. अस्सी २८०००. दशाश्वमेध ३८४००. यावर जीएसटी धरा, २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० पर्यंतच्या रूमला ५ टक्के झालाय, आधी १२ होता, त्याच्या वर गेलं की १८. ॲपवर जो मोठ्या अक्षरात रेट दिसतो त्यात बऱ्याचदा टॅक्स नसतो, शेवटच्या पानावर पैसे भरताना उगवतो. टॅक्स धरून कॅन्टोन्मेंट २१८४०, अस्सी २९४००, दशाश्वमेध ४०३२०. इथं कुणीही म्हणेल की कॅन्टोन्मेंट घ्या, अस्सीपेक्षा साडेसात हजार वाचतायत.

आता फेऱ्या मोजा. समजा कुणी पाहुणे सांगलीत फक्त गणपती मंदिरासाठी आले, पहाटेची आणि संध्याकाळची आरती दोन्ही चुकवायची नाही म्हणाले, आणि तुम्ही त्यांना विश्रामबागेत हॉटेल काढून दिलं, तर दिवसातनं दोनदा जा दोनदा या. कॅन्टोन्मेंट ते दशाश्वमेधजवळचा गोदौलिया चौक अंतर तसंच आहे, चार-पाच किलोमीटर, पण ट्रॅफिक आपल्या मारुती चौकाच्या बाजारादिवशीपेक्षा बेकार आणि गर्दीच्या वेळी रिक्षा गोदौलियाच्या आधीच थांबवतात, तिथनं पुढं चालत. पाच माणसं एका रिक्षात कोंबायची नाहीत, सासऱ्यांना पाय लांब करायला जागा पाहिजे, म्हणजे दोन रिक्षा. मी एका रिक्षाला एका बाजूचे दोनशे धरलेत, घासाघीस करून कमी झालं तर चांगलंच आहे. दोन रिक्षांचे चारशे, दिवसाच्या चार वाऱ्या, सोळाशे, चार दिवसांचे ६४००. अस्सीहून पण रोज एकदा विश्वनाथाकडं किंवा गावात जाणं होणारच, ते अंतर कमी आहे, दिवसाला चारशे धरा, १६००. झालं काय? कॅन्टोन्मेंट २८२४०, अस्सी ३१०००. फरक उरला २७६० रुपये, पाच माणसांत, चार दिवसांत. एवढ्यासाठी ७४ वर्षांच्या माणसाला पहाटे साडेचारला रिक्षाची वाट बघत रस्त्यावर उभं करायचं का, मी तरी नाही करणार. आणि खरं सांगू का, दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच म्हणतील की तुम्ही जावा, मी थांबतो रूमवर. म्हणजे ज्यांच्यासाठी सव्वा लाख घातले तेच हॉटेलात टीव्ही बघत बसले.

मग घाटावरचीच घ्या की, असं मिस्टर म्हणत असतील. (मेसेजमधनं वास आला मला, फोटो त्यांनीच पाठवलाय ना खिडकीतला.) तर इथं माझी चूक सांगतो. मी आईला घेऊन गेलो होतो तेव्हा असाच फोटो बघून दशाश्वमेधच्या मागच्या गल्लीत एका लॉजवर गंगा दिसणारी रूम घेतली, नाव सांगत नाही. गंगा दिसत होती, अगदी समोर. फक्त रूम तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना असा की वरचा माणूस उतरल्याशिवाय खालच्यानं चढायचं नाही. गाडी गल्लीच्या तोंडाला सोडून गेली, तिथनं सामान डोक्यावर घेणारा माणूस वेगळा, गाय आडवी आली की सगळे भिंतीला चिकटून उभे. आई पहिल्या दिवशी उतरली, चढताना तीनदा बसली. दुसऱ्या दिवसापासनं म्हणाली गंगा खिडकीतनंच दिसतीय की, मला इथनंच नमस्कार करू दे. मी चार रात्रीचे पैसे भरले होते, परत मिळत नव्हते, आणि आई चार दिवस गंगेपासून शंभर पावलांवर राहून एकदाच पाण्याला हात लावून आली.

तेव्हापासून मी क्लायंटला पण सांगतो की घाटाजवळ या शब्दाचे पैसे देऊ नका, किती पायऱ्या आहेत ते विचारून पैसे द्या. गंगेचे घाट उंच आहेत आणि त्याला कारण आहे, पावसाळ्यात पाणी चढतं आणि खालच्या पायऱ्या गडप होतात, एका घाटावरनं दुसऱ्या घाटावर चालत जायची वाट बंद होते, आरती वर सरकवतात, नावा बंद करतात. कृष्णेकाठच्या माणसाला हे काय नवीन सांगायचं, आपण जुलै-ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाची पातळी बघतच दात घासतो आणि नरसोबाच्या वाडीला तर पाणी देवाच्या पायाशी येतं त्याचा सोहळा करतो. तर नदीकाठचं जुनं गाव म्हणजे वरती वस्ती खाली पाणी, आणि गंगा दिसणारी रूम जेवढी भारी तेवढी ती वर असणार. दशाश्वमेध, मणिकर्णिका, पंचगंगा या घाटांचा सगळा भाग जुना, गल्ल्यांचा. तरणी पोरं असाल, पाठीला एक सॅक असेल, तर मी डोळे झाकून तिथंच राहा म्हणेन, रात्री अकराला घाटावर जाऊन बसण्यात जी मजा आहे ती कॅन्टोन्मेंटच्या लॉबीत नाही. पण तुमची ही ट्रिप तशी नाहीये.

धर्मशाळेचं. दिरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही, ९०० च्या हिशोबानं चार रात्रीचे दोन खोल्यांचे ७२०० होतात, हा आकडा कुणालाही मोहात पाडेल. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या बाजूला आपल्या मराठी माणसांची कैक पिढ्यांची वस्ती, दशाश्वमेध घाट नानासाहेब पेशव्यांनी बांधून घेतला असं सांगतात, आजचं विश्वनाथाचं मंदिर १७८० चं आणि अहिल्यादेवींनी बांधलेलं, त्यामुळं आपल्या माणसाला तिथं उतरायला परकं वाटत नाही हे खरंय. सासूबाईंना तर ते जास्त आवडेल. पण दिरांना फोन लावून एकच विचारायला सांगा, कमोड आहे का. गुडघे गेलेल्या माणसाचा सगळा हिशोब त्या एका शब्दावर येऊन थांबतो. कमोड नाही म्हणाले तर ९०० काय फुकट दिलं तरी नको. आहे म्हणाले, खोली खालच्या मजल्यावर, आणि रिक्षा दारापर्यंत येते म्हणाले तर मात्र मला परत विचारा, मग माझं मत बदलू शकतं.

म्हणून मी अस्सी म्हणतोय. हा घाटांच्या रांगेतला दक्षिणेकडचा टोकाचा भाग, रस्ता रुंद, वाहन बऱ्यापैकी जवळ येतं, घाट पसरट आहे. पहाटे तिथंच सुबह-ए-बनारस होतं, आरती, गाणं, योगासनं, सासरे खुर्चीवर बसून बघतील. संध्याकाळची आरती अस्सीलाही असते, दशाश्वमेधएवढी भव्य नाही पण दिसते नीट, धक्काबुक्की कमी. एक संध्याकाळ नाव ठरवून पाण्यातनं दशाश्वमेधची आरती दाखवा, तो खर्च करा, तिथं काटकसर नको. एक दिवस अख्खी गाडी सांगून सारनाथ, दहाएक किलोमीटरच आहे, पोराला पण शाळेच्या पुस्तकातले अशोकस्तंभावरचे सिंह म्युझियममध्ये खरे बघायला मिळतील (शुक्रवारी म्युझियम बंद असतं). आणि एक जमेची बाजू जी कुणी धरत नाही, बीएचयूचं म्हणजे बनारस हिंदू विद्यापीठाचं मोठं हॉस्पिटल अस्सीहून जवळ आहे. सासऱ्यांचं सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड काढलं नसेल तर काढून घ्या, ते राज्याबाहेर पण योजनेतल्या हॉस्पिटलला चालतं.

आता तारखा. तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत म्हणालात, ते बदला ताई. पुण्या-मुंबईहून यूपी-बिहारकडं जाणाऱ्या गाड्यांना दिवाळी आणि छटपूजेला पाय ठेवायला जागा नसते, रिझर्वेशन असलं तरी डब्यात वाट काढायला लागते. त्यानंतर लगेच त्यांची देव दीपावली येते, म्हणजे आपली त्रिपुरारी पौर्णिमा, त्या दोन-तीन दिवसांत घाटाकडच्या रूमचे भाव कुठल्या कुठं जातात आणि तुमचा हा ३५०० चा रेट त्या तारखांना मिळतोय का हे तुम्ही विचारलेलंच नाही. पौर्णिमा झाली की आठवड्याभरानं जा. डिसेंबर मध्यापासून जानेवारी तिकडं धुकं, गाड्या आणि विमानं दोन्ही लेट, आणि थंडीत म्हाताऱ्या माणसानं पहाटे गंगेत उतरणं नको. पोराची चार दिवस शाळा बुडली तर बुडू दे. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, कॅलेंडरवर खूण करा, आणि सिनियर सिटिझनची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे त्यामुळं तिकिटाच्या रकान्यात सासू-सासऱ्यांचं पण पूर्ण भाडं धरा, तुमच्या कागदावर ते कमी धरलेलं दिसलं. तिकिटावर शेवटचं स्टेशन कुठलं ते पण वाचा, वाराणसी जंक्शन वेगळं, बनारस म्हणजे जुनं मंडुवाडीह वेगळं, आणि दीनदयाळ उपाध्याय म्हणजे मुघलसराय तर नदीच्या पलीकडं, तिथं उतरलात तर टॅक्सीचा खर्च वेगळा.

पैशांचं पटकन सांगतो. नो कॉस्ट ईएमआय नको. त्यात व्याज नाही दिसलं तरी व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बऱ्याचदा लागतेच, शिवाय ट्रिप होऊन फोटो जुने झाले तरी हप्ते चालू. एफडी मोडली तर जेवढे दिवस झाले तेवढ्याचाच रेट मिळतो आणि त्यातनं दंड, साधारण अर्धा ते एक टक्का. आणि मोडायची गरजच नाही. जून चालूय, जुलै ते नोव्हेंबर पाच महिने, महिन्याला १२ हजार बाजूला काढले की साठ होतात, तुमच्या दोघांच्या पगारात ते बसतंय, एसआयपीला हात लावायला लागत नाही. बारा जड वाटले तर आठ काढा आणि उरलेले वीस हजार सासऱ्यांना देऊ द्या. तुम्ही लिहिलंय की ते पेन्शनमधनं द्यायला बघतायत आणि मिस्टर नको म्हणतायत. घेऊ द्या त्यांच्याकडनं. स्वतःच्या पैशानं काशी केली हे त्यांना गावात चार लोकांना सांगायचं असेल, त्यात तुमची काय मानहानी नाही.

बुकिंग करताना फुकट कॅन्सल होणाराच रेट घ्या, रात्रीला दोन-तीनशे जास्त गेले तरी चालतील, घरात ७४ वर्षांचा माणूस असताना नॉन रिफंडेबल घेणं म्हणजे जुगार आहे. सगळे पैसे आधीच यूपीआयवर टाका म्हणणारा भेटला तर फोन ठेवून द्या. आणि पैसे भरायच्या आधी अस्सीच्या त्या माणसाला स्वतः फोन करा, मिस्टरांना नको करू देत ते रेटवरच बोलत बसतील. रूम कितव्या मजल्यावर, लिफ्ट चालू आहे का नुसती आहे, कमोड, रिक्षा दारापासून किती पावलांवर थांबते, आणि दारातनं पाण्यापर्यंत पायऱ्या किती. पायऱ्यांचा व्हिडिओ काढून पाठवा म्हणावं. पाठवला तर मला पण फॉरवर्ड करा, मी बघून सांगतो.