व्यावसायिक आइस हॉकी खेळाडूंना पंचविशी-तिशीनंतर स्केटिंग सुधारता येतं का?

येतं.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमचा मित्र म्हणतो, "बारा वर्षांच्या आत पायाला जे वळण लागलं तेच शेवटपर्यंत राहतं, पुढे फक्त ताकद वाढते," आणि म्हणून तुमच्या सोळा वर्षांच्या पुतण्याने आता इनलाइन हॉकीत (चाकांच्या स्केट्सवरच्या हॉकीत) वेळ घालवू नये. हेच वाक्य मला एकोणिसाव्या वर्षी ऐकवलं गेलं होतं. मी ते पुढची चौदा वर्षं खरं धरून चाललो, म्हणून तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

आधी एनएचएलचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचं सांगतो. न्यूयॉर्क आयलँडर्सने 1972 मध्ये बॉब नायस्ट्रॉमला घेतलं. अंगाने दणकट, भिडायला पुढे, पण स्केटिंग कच्चं. एनएचएलमध्ये आल्यावर तो लॉरा स्टॅम या बाईंकडे स्केटिंग शिकायला गेला. पुढे 24 मे 1980 ला फिलाडेल्फियाविरुद्ध जादा वेळेत गोल करून आयलँडर्सना पहिला स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, मिळवून देणारा तो हाच नायस्ट्रॉम. जॉन टव्हारेस 2009 च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात त्यात) पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, तेव्हाही त्याच्या स्केटिंगबद्दल लोक शंका काढत होते. त्याने डॉन ब्रेड यांच्याकडे काम केलं. याच ब्रेडबाईंना 2016 मध्ये ॲरिझोना कायोटीजने स्केटिंग कोच म्हणून पूर्णवेळ नेमलं. एनएचएलमधल्या त्या पहिल्या पूर्णवेळ महिला कोच. बार्ब अंडरहिल या तर मुळात फिगर स्केटर. 1984 मध्ये पॉल मार्टिनीबरोबर जोडीच्या प्रकारात त्या जगज्जेत्या झाल्या, आणि नंतर टोराँटो मेपल लीफ्स, टँपा बे लाइटनिंग अशा संघांच्या खेळाडूंचे पाय त्यांनी सुधारले. मोठ्या माणसाचं स्केटिंग सुधारतच नसेल, तर या संघांनी या बायकांना कामाला कशाबद्दल घेतलं, एवढं तुमच्या मित्राला विचारा.

आता माझं.

मी नाशिकचा, सिडकोत वाढलेलो. नवव्या वर्षापासून रोलर हॉकी खेळलो, क्वाड स्केट्सवर, म्हणजे पुढे दोन आणि मागे दोन चाकं असलेल्या. रिंक साध्या सिमेंटचा, एका कोपऱ्यात भेग, पावसाळ्यात तिथे शेवाळ धरायचं. माझा हात चांगला होता, बॉल स्टिकला चिकटून राहायचा, पण डाव्या वळणावर मी मार खायचो. घोटा आत पडायचा. डावीकडे वळताना डाव्या पायाने बाहेरच्या एजवर (कडेवर) झुकून खालून ढकलायचं असतं, ते मला जमायचं नाही. मी उजव्या पायानेच दोन्ही पायांचं काम करायचो.

एकोणिसाव्या वर्षी राज्याच्या संघाची निवड चाचणी झाली. यादीत नाव नव्हतं. मी सरांना विचारलं, "सर, काय कमी पडलं?" सर म्हणाले, "डावा पाय. आणि तो आता बदलायचा नाही. मडकं कच्चं असतानाच आकार देता येतो." रागाने नाही, अगदी मायेने म्हणाले, खांद्यावर हात ठेवून. म्हणूनच ते इतकं खोल गेलं. स्टिक कशी धरायची हे त्यांनीच शिकवलं होतं, पहाटे पाच वाजता रिंकचं कुलूप तेच उघडायचे, फी थकली तर कधी विचारलं नाही. अशा माणसाचं कोण खोटं धरणार? स्केट्स माळ्यावर गेले. मी आयटीआय केलं, नाशिकच्याच अंबडला एका टूलरूममध्ये ग्राइंडरवर लागलो, आजही तिथेच आहे.

चौदा वर्षांनी, 2014 च्या दिवाळीनंतर, मुलीला स्केटिंगच्या क्लासला घातलं. ती सात वर्षांची. शिकवणारी मुलगी तेवीस-चोवीसची, आर्टिस्टिक स्केटिंग केलेली. एका रविवारी पालकांनाही रिंकवर उतरायला सांगितलं. मी जुने स्केट्स काढून गेलो. दोन चकरा झाल्यावर तिने मला थांबवलं आणि म्हणाली, "दादा, तुम्ही डाव्या पायावर उभेच राहत नाही. नुसता टेकवता आणि उचलता."

मग तिने माझा डावा बूट काढायला लावला, उलटा केला आणि ट्रकचा, म्हणजे चाकांचा आस धरणाऱ्या भागाचा, नट बोटाने हलवून बघितला. "हा एवढा कुणी आवळला?"

मीच आवळला होता, सतराव्या वर्षी. ज्यांनी क्वाड वापरलेत त्यांना कळेल. नट गच्च आवळला की खालचं रबर दबत नाही, बूट झुकत नाही, घोटा सावरल्यासारखा वाटतो. माझी उणीव मी पान्याने झाकली होती आणि दोन वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिने नट दीड फेरा सैल केला. पुढच्याच वळणावर मी कोपरावर आपटलो.

तिने दिलेला व्यायाम एकच. मध्ये खिळा, त्याला दोरी, दोरीच्या टोकाला खडू, असं सहा मीटर रुंदीचं वर्तुळ काढायचं. डाव्या पायावर उभं राहायचं, गुडघा वाकलेला, उजवा पाय मागे हवेत, आणि खडूच्या रेषेवरून बाहेरच्या एजवर जेवढं जाता येईल तेवढं जायचं. पहिल्या दिवशी मी वर्तुळाचा आठवा हिस्साही गेलो नाही. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊक असेल. पहाटे सिमेंटवर दव, त्यावर चाकं सटकतात. मी गोणपाट घेऊन जायचो, तेवढं वर्तुळ पुसून कोरडं करायचो, मग खडू. साडेपाच ते साडेसहा, मग घरी येऊन डबा घेऊन फर्स्ट शिफ्ट गाठायची.

पहिले दोन महिने मी आधीपेक्षा वाईट खेळलो. हे नीट वाचा, कारण व्यावसायिक खेळाडूंचं गाडं नेमकं इथेच अडतं. जुनी सवय मोडली आहे, नवी बसलेली नाही, आणि मधल्या काळात तुम्ही दोन्हीपेक्षा हळू असता. मला कुणी संघातून काढणार नव्हतं. एनएचएलवाल्याला 80 हून अधिक साखळी सामने, वर प्रवास, आणि पुढचा करार त्याच मोसमाच्या खेळावर. मैदानात उतरायची एकेक पाळी पाऊण मिनिटाची; तेवढ्यात डोकं बॉलवर, त्यांच्याकडे पकवर (रबरी चकतीवर), पायाकडे कोण बघणार? दबाव आला की पाय जुन्याच वाटेने जातो. म्हणून त्यांचं खरं काम उन्हाळ्याच्या सुट्टीत होतं, आणि एका उन्हाळ्यात पुरं होत नाही. लोक म्हणतात वय आडवं येतं. माझ्या मते वयाआधी वेळापत्रक आडवं येतं.

एप्रिलमध्ये माझं एक पूर्ण वर्तुळ झालं. माझी लेक कडेला बसून मोजत होती. तिने एवढी मोठी आरोळी ठोकली की वॉचमन आला.

आता चाकांची गोष्ट. मी टूलरूमचा माणूस, मोजल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. जुन्या सेटची चाकं व्हर्नियरने मोजली होती: डाव्या बुटाची आतली दोन सरासरी 54.3 मिलिमीटर, बाहेरची दोन 57.1. जवळजवळ तीन मिलिमीटरचा फरक, म्हणजे मी कित्येक वर्षं आतल्याच कडेवर चाललो होतो. नोव्हेंबरात नवा सेट चढवला, प्रत्येक चाकावर मार्करने नंबर टाकले आणि एकदाही अदलाबदल केली नाही. ऑगस्टमध्ये मोजलं: आतली 57.8, बाहेरची 57.6.

त्या वर्षी पाडव्याला सरांकडे गेलो. दोन्ही सेट कापडी पिशवीत घालून नेले होते. फराळ झाल्यावर टीपॉयवर मांडले आणि सगळं सांगितलं. सरांनी एक चाक हातात घेतलं, फिरवलं आणि म्हणाले, "मधे कधीतरी फिरवून लावली असशील." मी काही बोललो नाही. त्यांना नुकताच बायपास झाला होता. नमस्कार करून निघालो.

तेव्हा बोलायचं राहिलं ते इथे लिहितो. चाक पायाच्या दोषाने घासतं तेव्हा सपाट घासत नाही, एका कडेला उतरतं, शंकूसारखं. मी मधेच आतलं चाक बाहेर आणि बाहेरचं आत केलं असतं, तर दोन प्रकारच्या झिजेच्या खुणा एकाच चाकावर दिसल्या असत्या. नव्या सेटच्या चाकांवर झीज एकसारखी होती. सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटावर) ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघितली, आणि हे काम मी रोज पोटासाठी करतो. सर, पाय बदलला होता.

बर्फावरही हेच का लागू पडतं, ते माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. हॉकीच्या स्केटचं पातं जेमतेम 3 मिलिमीटर रुंद असतं, पण त्याचा तळ सपाट नसतो. ग्राइंडिंग व्हीलला डायमंडने (हिऱ्याच्या टोकाच्या अवजाराने) गोलाई देऊन पात्याला लांबीभर पन्हळ मारतात, त्यामुळे दोन कडा तयार होतात, आतली आणि बाहेरची. अर्ध्या इंच त्रिज्येची, म्हणजे 12.7 मिलिमीटरची गोलाई पुष्कळ जण वापरतात. पन्हळ खोल केली तर धार जास्त चावते, उथळ केली तर घसरण लांब मिळते. नामवंत खेळाडूही कारकीर्दीच्या मध्यावर हे बदलून बघतात. पण धार कितीही चांगली असली तरी तिच्यावर वजन टाकायला पाय तयार पाहिजे. गुडघा पुरेसा वाकला नाही, ढकल अर्ध्यात सुटली, परतीचा पाय शरीराखाली न येता बाजूलाच टेकला, तर मांडीतली निम्मी ताकद वाया जाते. चालणं-पळणं आपण कुणी न शिकवता शिकतो. स्केटिंग तसं नाही, ते मुळापासून शिकलेलं कसब आहे, आणि शिकलेलं कसब पुन्हा शिकता येतं.

आपल्या जिल्ह्यातलंच बघा. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. 2012 मध्ये सैन्यात गेला, रोइंग (वल्ह्याच्या होड्यांची शर्यत) त्यानंतरच शिकला, म्हणजे विशी ओलांडल्यावर. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने वल्हवायच्या सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या क्वाड्रुपल स्कल्समध्ये सुवर्ण. त्याच्याबद्दल बोलताना आजही माझा गळा भरून येतो. अर्थात त्याने कोऱ्या पाटीवर शिकायला सुरुवात केली. हॉकीवाल्याची पाटी आधीच गिचमिड लिहिलेली असते, ती पुसायला वेळ जास्त लागतो.

काही गोष्टी राहिल्या. मी व्यावसायिक खेळाडू नाही. माझा दोष मोठा होता, म्हणून सुधारणाही मोठी दिसली. एनएचएलपर्यंत पोचलेल्या माणसाचे पाय आधीच तयार असतात, त्याला मिळाला तर अर्ध्या पावलाचा फायदा मिळतो. तिथे अर्धं पाऊल पुष्कळ झालं. सरळ रेषेतला कमाल वेग तिशीनंतर वाढेल असं मी म्हणणार नाही. माझा तर वाढला नाही. वळणं, थांबणं, पहिली तीन पावलं आणि शेवटच्या दहा मिनिटांत उरणारा दम, सुधारतं ते हे. जांघेचे स्नायू सांभाळावे लागतात, मी दोनदा ओढून घेतले आणि एकदा तीन आठवडे बसलो. आणि स्केटिंग बेताचं असूनही मोठं होता येतं: लुक रॉबिटेलला 1984 च्या ड्राफ्टमध्ये 171 वा घेतला, हळू स्केटर म्हणून सगळे ओळखायचे, त्याने 668 गोल केले. तुमचा मित्र हे उदाहरण पुढे करील. त्या उदाहरणाने एवढंच ठरतं की चांगल्या स्केटिंगशिवायही चालतं. स्केटिंग सुधारत नाही, हे त्यातून निघत नाही.

राहिला तुमचा पुतण्या. सोळा म्हणजे काहीच वय नाही, कुणाच्या सांगण्यावरून त्याचे स्केट्स माळ्यावर टाकू देऊ नका. इनलाइनला चाकं एका रांगेत असतात, त्यामुळे आतली-बाहेरची चाकं असा हिशोब तिथे नाही; प्रत्येक चाकाची कुठली कड उतरली आहे ते बघा, दोन्ही बुटांची वेगवेगळी. तो चाकं अदलाबदल करत असेल तर नवा सेट चढवताना नंबर टाका आणि तीन महिने हात लावू देऊ नका. घरी व्हर्नियर नसेल तर सातपूर-अंबडला कुठल्याही वर्कशॉपमध्ये पाच मिनिटांत मोजून देतील.