नाशिकमध्ये घरी बॉइंक चालवण्यासाठी जुना सर्व्हर घ्यावा की ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक?

बॉइंक म्हणजे विज्ञानप्रकल्पांच्या मोठ्या गणनेचे छोटे तुकडे, म्हणजे 'कामे', घरोघरच्या संगणकांना वाटणारे सॉफ्टवेअर. आपण विचारले आहे की बॉइंकचे प्रकल्प घरी दिवसरात्र चालवायचे असतील, तर स्वस्तात मिळणारा दोन प्रोसेसरांचा जुना सर्व्हर घ्यावा, ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक जुळवून घ्यावा, की रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या छोट्या संगणकाचे चार-पाच बोर्ड जोडावेत. मी इंदिरानगरमध्ये राहतो आणि गेली काही वर्षे घरातल्या एका खोलीत हे काम चालवतो आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की सर्व्हर घेऊ नये. यंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते, पण विजेचे बिल दरमहा येते. म्हणून एका रुपयात प्रोसेसरचे किती गाभे (कोअर) मिळतात यापेक्षा एका युनिटमध्ये किती काम होते, हे पाहून निवड करावी.

सुरुवातीला मीही सर्व्हरच घेतला होता. त्यात प्रत्येकी ११५ वॉटचे दोन प्रोसेसर आणि एकूण १६ गाभे होते, आणि विक्रेत्याने सांगितलेली किंमत पाहून मला मोह आवरला नाही. पूर्ण भारावर तो भिंतीतून सुमारे ३०० वॉट ओढत असे, म्हणजे दिवसाला ७.२ आणि महिन्याला २१६ युनिट. महावितरणची घरगुती आकारणी टप्प्यांची आहे: पहिली १०० युनिट, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे. प्रत्येक टप्प्यावर दर चढतो आणि संगणकाची युनिट घरच्या वापरावर वरून चढतात. घरचा वापर १५० युनिट असेल, तर वरच्या २१६ युनिटमुळे एकूण आकडा ३६६ होतो, म्हणजे त्यातली ६६ युनिट थेट तिसऱ्या टप्प्याच्या दराने मोजली जातात. पुढे मी एका कार्यालयातून निघालेला, ६५ वॉटच्या सहा गाभ्यांच्या प्रोसेसरचा साधा संगणक घेतला. तो भिंतीवर ९० वॉटच्या आसपास घेतो, महिन्याला सुमारे ६५ युनिट. सर्व्हर त्याच्या दीडपट काम करत असे, पण वीज मात्र तिपटीहून अधिक खात असे.

मात्र यंत्राआधी प्रकल्प ठरवावा, कारण प्रत्येकाची भूक वेगळी असते. रोझेटा ॲट होम प्रथिनांच्या रचनांचा अभ्यास करते. तिथे सगळे काम प्रोसेसरचे असते आणि एकाच कामाला १ ते २ जीबी रॅम लागू शकते. सहा गाभे एकाच वेळी चालवायचे असतील, तर १६ जीबी ही किमान गरज समजावी. हवामानाच्या प्रारूपांचे काही प्रकल्प याहून बरीच अधिक रॅम मागतात. याउलट आइन्स्टाइन ॲट होममध्ये ग्राफिक्स कार्ड फार उपयोगी पडते. हा प्रकल्प मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात लायगो या अमेरिकेतील वेधशाळेच्या नोंदींमध्ये गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांचा, शोध घेतला जातो आणि लायगोचीच भारतीय वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे.

तरीही एकाच प्रकल्पाच्या गरजेपुरते यंत्र घेऊ नये. परग्रहावरील बुद्धिमान जीवांचे संकेत शोधणारे सेटी ॲट होम १९९९ मध्ये सुरू झाले आणि मार्च २०२० मध्ये त्याने नवे काम वाटणे थांबवले. आपल्या आकाशगंगेचा अभ्यास करणाऱ्या मिल्कीवे ॲट होमच्या ग्राफिक्स कार्डाच्या कामाला दुहेरी अचूकतेची, म्हणजे अधिक अंकांपर्यंत नेमकी, गणिते लागत आणि त्यासाठी लोक मुद्दाम जुनी, जास्त वीज खाणारी कार्डे शोधत असत. ते काम २०२३ मध्ये बंद झाले.

कार्ड घ्यायचेच असेल, तर ११५ वॉटच्या आरटीएक्स ४०६० च्या वर्गातले घ्यावे. कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून खाली आणता येते. वीज पाचव्या हिश्श्याने कमी केली तरी काम त्या मानाने थोडेच घटते, आणि हा उपाय मी बारा महिने वापरतो. कार्यालयीन संगणकांच्या छोट्या कॅबिनेटमध्ये असे कार्ड मावत नाही, त्यांच्या एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, कार्डाची वेगळी जोडणीही बहुधा नसते. म्हणून पुढे कार्ड बसवायचा विचार असल्यास सुरुवातीलाच उभे, मोठे कॅबिनेट आणि ८० प्लस गोल्ड दर्जाचा (म्हणजे कमी वीज वाया घालवणारा), ५५० वॉटचा एसएमपीएस घ्यावा. एसएसडी २५६ जीबीची पुरे.

रास्पबेरी पाय शिकण्यासाठी उत्तम आहे, पण प्रत्येक कामाला परत पाठवण्याची मुदत असते आणि मंद यंत्रावर ती सहज टळते. शिवाय बॉइंकची कामे एकमेकांपासून स्वतंत्र असतात, त्यामुळे बोर्ड जोडून एक मोठे यंत्र होते अशी अपेक्षा ठेवू नये.

आपल्याकडचा खरा प्रश्न उष्णतेचा आहे. यंत्राने घेतलेली सगळी वीज अखेर खोलीत उष्णता म्हणून उतरते. निफाडला पारा घसरतो त्या दिवसांत माझी खोली यंत्राने ऊबदार राहते, पण एप्रिल-मे महिन्यांत बाहेर चाळिशीच्या आसपास तापमान असताना तीच ऊब सोसवत नाही. बॉइंकमध्ये कामाच्या वेळा ठरवता येतात, म्हणून उन्हाळ्यात मी रात्री दहा ते सकाळी सातपर्यंतच यंत्र चालवतो आणि गाभ्यांपैकी निम्मेच कामाला लावतो. प्रोसेसरचा वेग कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे मात्र कधीही वाढवू नये. अनेक प्रकल्प एकच काम दोन यंत्रांना देऊन उत्तरे ताडून पाहतात. तापलेल्या यंत्राने चुकीचे उत्तर पाठवले, तर आपली वीज वाया जातेच, शिवाय तेच काम तिसऱ्या कुणाला पुन्हा करावे लागते.

वीज गेल्याने काम बुडत नाही, कारण बहुतेक कामे अधूनमधून आपली स्थिती डिस्कवर जपून ठेवतात. म्हणून घरच्या इन्व्हर्टरवर हा भार टाकू नये. यंत्र नीट बंद करता येईल एवढा, दहा मिनिटांचा छोटा यूपीएस पुरतो. खरेदीआधी त्या खोलीतल्या प्लगचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. जुने यंत्र घेत असाल, तर दुकानातच ते अर्धा तास पूर्ण भारावर चालवून तापमान आणि पंख्यांचा आवाज पाहावा आणि मगच पैसे द्यावेत.