तीन कल्पनांपैकी कोणता खेळ आधी करावा?

प्रश्न : मी सांगलीत नोकरी करतो आणि फावल्या वेळात पटावरचे खेळ तयार करतो. सध्या माझ्यापुढे तीन कल्पना आहेत. पहिली कृष्णेच्या महापुराची असून तीत सर्व खेळाडूंनी मिळून गावे वाचवायची आहेत. दुसरी हळदीच्या सौद्यांची आहे. माल आज विकायचा की पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, ठेवायचा, हे प्रत्येकाने ठरवायचे. तिसरी नाटक मंडळीच्या दौऱ्यांची असून तिला सुमारे दोनशे पत्ते लागतील. वेळ आणि पैसा एकाच खेळापुरता आहे. रविवारी चार-पाच मित्र खेळायला जमतात. कोणती कल्पना निवडावी? आणि ती बाहेर सांगितल्यास कोणी उचलेल काय?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्या मूळ पत्रात महापुराच्या खेळाला दीड पान मिळाले आहे. आयर्विन पुलाजवळची ४० फुटांची इशारा पातळी, ४५ फुटांची धोका पातळी, २०१९ साली ५७ फुटांच्या वर गेलेले पाणी, हे सारे आपण मनापासून लिहिले आहे. मात्र आपली पाळी आल्यावर खेळाडूने नेमके काय करायचे, याविषयी त्या दीड पानात एकच वाक्य सापडते. हळदीच्या खेळाला आपण जेमतेम दोन ओळी दिल्या, पण त्या दोन ओळींत खेळाडूला अडचणीत टाकणारा निर्णय आहे. माझ्या मते आपण हळदीचा खेळ हाती घ्यावा.

विषय कितीही जिव्हाळ्याचा असला तरी पहिल्या डावानंतर त्याचे नावीन्य ओसरते आणि दुसऱ्या डावाला माणसे बसतात ती निर्णयासाठी. ‘आज विकू की ठेवू?’ हा प्रश्न दर फेरीला नव्याने पडतो, कारण भाव बदललेला असतो आणि समोरच्याच्या पेवात काय आहे ते दिसत नसते. शिवाय सौदा म्हणजे लिलाव, आणि बोली लावण्याच्या खेळात मालाची किंमत खेळाडूच ठरवतात. कोणत्या पत्त्याला किती मोल द्यावे, हे एरवी रचनाकाराला महिनोन्महिने तोलत बसावे लागते; इथे त्यातला बराच भार बोली उचलते. एकट्याने काम करणाऱ्याला ही फार मोठी सवलत आहे.

यात एक उणीव आहे. सहकार्याचा खेळ रचनाकार एकटाच सर्वांच्या पाळ्या खेळून पुष्कळ अंशी तपासू शकतो. बोलीचा खेळ तसा तपासता येत नाही आणि दोघांत तर बोलीला रंगच चढत नाही. आपल्याकडे रविवारची मंडळी आहे म्हणूनच मी हा सल्ला देतो आहे. ती नसती तर माझे उत्तर कदाचित वेगळे असते.

महापुराच्या कल्पनेबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मॅट लीकॉक यांचा २००८ चा ‘पँडेमिक’ आणि २०१० चा ‘फॉरबिडन आयलंड’ हे सर्वांनी मिळून खेळायचे पटावरचे खेळ आपण मिळवून पाहावेत. दुसऱ्या खेळात बेटाचे तुकडे पाण्याखाली जातात, पाण्याची पातळी दर्शवणारी खूण वर सरकते आणि ती जितकी वर जाईल तितके अधिक पत्ते उघडावे लागतात. आपला आराखडा त्याच्या इतका जवळ आहे की तो स्वतंत्र वाटण्यासाठी कृष्णेची म्हणून काही वेगळी चाल शोधावी लागेल. कोयनेतून सुटणारे पाणी सांगलीला पोहोचायला लागणारा वेळ हे तसे एक बीज होऊ शकेल, पण ते रुजायला अवधी हवा. नाटक मंडळीची कल्पना तूर्त बाजूला ठेवा. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या प्रयोगापासून सांगलीला लाभलेला तो वारसा मोलाचा आहे, परंतु दोनशे पत्ते लिहिणे, तपासणे आणि छापणे पहिल्या खेळाला झेपणारे नाही.

आता पुढचे काम. पट रंगवू नका, चित्रकार गाठू नका. वहीच्या पानांच्या चाळीस चिठ्ठ्या करून त्यांवर हळकुंड, गड्डा आणि कणी ही हळदीच्या प्रकारांची नावे एवढेच लिहा. प्रत्येकाला सारखीच कागदी रक्कम द्या. दर फेरीत थोडा माल उघडा, त्यावर बोली होऊ द्या आणि ज्याने माल घेतला त्याला तो चालू भावाने विकण्याची किंवा पेवात पालथा ठेवण्याची मुभा द्या. प्रत्येक विक्रीनंतर भाव एक पायरी उतरवा, कोणीच विकले नाही तर चढवा. हरिपूरच्या पेवांचे २००५ च्या महापुरात मोठे नुकसान झाले, हे आपण जाणताच. तेव्हा पेवात पाणी शिरल्याची एक चिठ्ठी शेवटच्या काही फेऱ्यांत मिसळा. पुराचा एवढाच अंश या खेळात पुरे.

डाव चालू असताना खेळाडूंच्या हातांकडे पाहा. चिठ्ठी पेवाकडे नेता नेता कोणी थबकत असेल, तर खेळ जिवंत आहे. सगळेच दर वेळी साठवत असतील किंवा सगळेच विकत असतील, तर निर्णय मेलेला आहे आणि भावाच्या पायऱ्या बदलायला हव्यात. मित्र ‘छान आहे’ म्हणतील, त्यावर विसंबू नका. कोणी न सांगता पुन्हा चिठ्ठ्या पिसू लागले तर ते महत्त्वाचे.

कल्पना चोरीला जाण्याच्या भीतीविषयी थोडक्यात सांगतो. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातील तिसऱ्या कलमानुसार खेळ खेळण्याची पद्धत पेटंटयोग्य मानली जात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने आपण लिहिलेल्या नियमांच्या मजकुराला आणि चित्रांना संरक्षण मिळते, कल्पनेला मिळत नाही. तेव्हा कल्पना लपवून फारसे काही साधत नाही, उलट खेळून पाहणारी माणसे मात्र दुरावतात.

छपाईची घाई करू नये. ऑफसेटवर प्लेट आणि जुळणीचा खर्च शंभर प्रतींना आणि हजार प्रतींना जवळपास सारखाच येतो, त्यामुळे थोड्या प्रती महाग पडतात आणि पुष्कळ प्रती घरात पडून राहतात. पहिल्या काही प्रती डिजिटल छपाईवर काढाव्यात. त्याआधी नियमपत्रक आणि चिठ्ठ्या मिरजेतल्या किंवा साताऱ्यातल्या एखाद्या अनोळखी गटाकडे द्या, शेजारी बसा आणि ते चुकले तरी तोंडी काहीही सांगू नका. ते जिथे अडतील, ते वाक्य त्याच रात्री नव्याने लिहा.