आधी साखर आणि हवा बघा, अल्कली नंतर

ई. कोलाय जीवाणूकडून प्रोटीन करून घ्यायची तुमची मांडणी अशी आहे: १ लिटरच्या फ्लास्कमध्ये ५०० मिली एलबी (जीवाणू वाढवायचं नेहमीचं माध्यम), त्यात १ टक्का ग्लुकोज, ३७ अंश, बीएल-२१ डीई-३ हा स्ट्रेन (वाण). इंडक्शन केल्यावर, म्हणजे प्रोटीन बनवणं सुरू करणारं आयपीटीजी हे रसायन दिल्यावर, ओडी (कल्चरचा गढूळपणा, त्यावरून पेशींची वाढ कळते) २ च्या पुढे सरकत नाही, पीएच ५.२ वर येतो आणि जेलवर तुमच्या प्रोटीनची पट्टी फिकी दिसते. सोडियम हायड्रॉक्साइड टाकून पीएच ७ करू का, असं विचारलंय. तेवढ्याने काम होणार नाही. आम्ल झाल्यावर मारण्यापेक्षा ते होऊच न देणं जास्त सोपं आहे.

तुमचे जीवाणू एवढं आम्ल का करून राहिले, ते आधी पाहू. नुसत्या एलबीत वाढवलेल्या ई. कोलायचा पीएच शेवटी वर जातो, कारण साखर जवळजवळ नसल्याने तो अमिनो आम्लं खातो आणि अमोनिया सोडतो. म्हणजे ५.२ हा आकडा तुम्ही टाकलेल्या ग्लुकोजचाच आहे. पटत नसेल तर उद्याच दोन फ्लास्क लावा, एक ग्लुकोजसह, एक ग्लुकोजशिवाय, आणि दर तासाला पीएच मोजा.

ग्लुकोज भरपूर असला की हा जीवाणू ती साखर श्वसनातून पूर्ण जाळत बसत नाही. श्वसनाची यंत्रणा उभारायला प्रोटीन जास्त लागतं. झपाट्याने वाढताना त्याला अर्धवट जाळून अॅसिटेट बाहेर टाकणं परवडतं. त्यामुळे हवा पुरेशी असली तरी अॅसिटेट होतंच. हवाही कमी पडली, तर सोबत लॅक्टेट, फॉर्मेट, सक्सिनेटही येतात. तुमच्याकडे दोन्ही घडतंय: साखर जास्त, आणि अर्धा भरलेला फ्लास्क. यात स्ट्रेनचा दोष नाही. बीएल-२१ हा ई. कोलायच्याच के-१२ गटातल्या स्ट्रेनपेक्षा मुळातच कमी अॅसिटेट करतो. त्याच्याकडूनही एवढं आम्ल येतंय, तर कारण मांडणीतच आहे.

आता अल्कलीचं. अॅसिटिक आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं आम्ल विघटित असतं) ४.७६. पीएच ५.२ ला त्याचा साधारण चौथा हिस्सा अविघटित राहतो. तोच पडद्यातून सहज पेशीत शिरतो आणि आत प्रोटॉन सोडतो. पीएच ७ ला हा हिस्सा १ टक्क्याच्याही खाली जातो, म्हणून अल्कली टाकल्यावर कल्चर थोडं सावरल्यासारखं वाटतं. पण अॅसिटेट तिथेच राहतं, त्यात गेलेला कार्बन प्रोटीनला मिळत नाही, आणि पुढचं आम्ल होणं थांबत नाही. शिवाय दर वेळी फ्लास्क उघडायचा, शेकर थांबवायचा. त्यापेक्षा फॉस्फेट बफर असलेलं माध्यम घ्या.

माझा क्रम असा असतो. सर्वात आधी भरणा कमी करा: १ लिटरच्या फ्लास्कमध्ये २०० मिलीपेक्षा जास्त नको, खाचांचा फ्लास्क मिळाला तर उत्तम. तोंडावर अॅल्युमिनियम फॉइल घट्ट गुंडाळू नका, कापसाचा बोळा किंवा हवा जाऊ देणारं झाकण वापरा. मुख्य कल्चरमधला ग्लुकोज काढून टाका. गळती (इंडक्शनआधीच थोडं प्रोटीन बनणं) रोखायला तो हवा असेल, म्हणजे तुमचं प्रोटीन पेशीला विषारी असेल, तर रात्रभराच्या स्टार्टरमध्येच (मुख्य कल्चरला विरजण म्हणून लावायच्या छोट्या कल्चरमध्ये) ठेवा. इंडक्शनच्या वेळी ग्लुकोज शिल्लक असला तर तो लॅक प्रमोटरलाही (आयपीटीजीने चालू होणाऱ्या जनुकाच्या स्विचला) दाबतो, म्हणजे नुकसान दुहेरी. कार्बन हवाच असेल तर ग्लिसरॉल घ्या. तो पेशीत हळू शिरतो आणि अॅसिटेट बरंच कमी होतं. टेरिफिक ब्रॉथ या माध्यमात लिटरला ४ मिली ग्लिसरॉल आणि भक्कम फॉस्फेट बफर दोन्ही असतात.

विल्यम स्टुडियर यांचं २००५ चं ऑटोइंडक्शन माध्यमही करून पाहा: ०.५ टक्के ग्लिसरॉल, ०.०५ टक्के ग्लुकोज, ०.२ टक्के लॅक्टोज. ग्लुकोज एवढा थोडा की तो संपतो, मग लॅक्टोज आपोआप इंडक्शन करतो. प्रयोगशाळेत रात्री थांबायची सोय नसलेल्या विद्यार्थ्यांना मी हेच सुचवतो.

इंडक्शन ३७ ऐवजी २५ अंशांना करा, आयपीटीजी ०.१ ते ०.५ मिलिमोलर पुरे. वाढ मंदावली की आम्लही मंदावतं. इथे नागपूरचा मे आडवा येतो. बाहेर ४५ अंश असताना कूलिंग नसलेला शेकर २५ सोडा, ३७ सुद्धा धरत नाही, हे मी स्वतः भोगलंय. एसीच्या खोलीत, रात्रीच्या वेळेत इंडक्शन ठेवा, किंवा कूलिंगचा शेकर ज्यांच्याकडे आहे त्यांना विनंती करा. आणि वीज जाऊन शेकर थांबला तर वेळ लिहून ठेवा. ३७ अंशांना पाण्यात लिटरला जेमतेम ७ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ओडी २ चं कल्चर तो मिनिट-दोन मिनिटांत संपवतं. एका उन्हाळ्यात माझा आठवड्याचा प्रयोग अशा वीस मिनिटांत गेला आणि आम्ही कारण प्लास्मिडमध्ये (प्रोटीनचं जनुक वाहणाऱ्या डीएनएच्या कड्यात) शोधत बसलो होतो. शेकर यूपीएसवर आहे का, ते आजच विचारा.

फर्मेंटर (हवा आणि पीएच सांभाळणारी वाढीची टाकी) मिळाला तर ग्लुकोज वापरायला हरकत नाही, पण एकदम ओतू नका. थेंबाथेंबाने असा द्या की वाढीचा दर तासाला ०.१५ च्या आसपास राहील, म्हणजे दुप्पट व्हायला साडेचार तासांहून थोडे जास्त. मधून हा पुरवठा, म्हणजे फीड, क्षणभर थांबवा. विरघळलेला प्राणवायू झटकन वर गेला, तर साखर साठलेली नाही, फीड बरोबर आहे. प्राणवायू हलला नाही, तर साखर किंवा अॅसिटेट शिल्लक आहे; फीड कमी करा आणि जीवाणूला ते अॅसिटेट खाऊ द्या, तो खातो.

पीटीए, एसीकेए, पॉक्सबी यांसारखी अॅसिटेट बनवणारी जनुकं काढलेले स्ट्रेन असतात, पण इतक्यात त्यांच्या मागे लागू नका. पीटीए काढलं की पायरुव्हेट आणि लॅक्टेट साठू लागतात, म्हणजे नवी डोकेदुखी.

पुढच्या वेळी इंडक्शनच्या आधी, २ तासांनी आणि ४ तासांनी ओडी आणि पीएच दोन्ही लिहा, प्रत्येक वेळी १ मिली नमुना जेलसाठी बाजूला ठेवा, आणि आकडे इथे टाका. पीएच ६.५ च्या वर राहूनही पट्टी फिकी दिसली, तर मग मी तुमच्यासोबत कोडॉन (जनुकातले तीन-तीन अक्षरांचे संकेत) आणि प्रोटीनच्या विद्राव्यतेकडे बघेन.