डब्यातलं भजन सुटलं तेव्हा

"ध्यान करा, योगा करा, असं सगळेच सांगतात. ताई, वेळ कुठून आणू? आणि डोळे मिटून बसलं की छातीतली धडधड आणखीच वाढते."

हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. त्या दिवशी विचारणाऱ्या बाई चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. रोज डोंबिवली ते सीएसएमटी लोकल, ऑफिसात हिशेबाचं टेबल, घरी दहावीतला मुलगा आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून.) पूर्ण तासभर पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. रक्तदाब, थायरॉइड, हिमोग्लोबिन. थायरॉइड वाढलेला असला किंवा अंगात रक्त कमी असलं तरी धडधड होते, दम लागतो. ते न तपासता सगळं 'टेन्शन'च्या नावावर टाकणं मला पटत नाही. रिपोर्ट व्यवस्थित आले.

मग विचारलं, "पूर्वी दिवसात हलकं वाटायचं ते कधी?"

बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "डब्यात भजन म्हणायचो आम्ही. सात-आठ जणी. टाळ माझ्याकडे असायचे."

मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाल्या आणि तो ग्रुप तिथेच मोडला. गाड्या सुरू झाल्या तेव्हा कुणी रिटायर झालेली, कुणी घरूनच काम करणारी. या त्याच लेडीज डब्यात आता ऑफिसच्या ग्रुपवरचे मेसेज वाचत उभ्या राहायच्या. म्हणजे टेबल सुटलं तरी ऑफिस सुटत नव्हतं.

त्यांना वाटत होतं, भजन म्हणजे नुसता विरंगुळा. मी त्यांना समजावलं, अभंगाची ओळ म्हणताना श्वास पटकन आत जातो आणि सावकाश बाहेर पडतो. सावकाश सोडलेल्या श्वासाबरोबर हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, ताणलेलं शरीर सैल पडायला लागतं. दीर्घ श्वसनात आपण हेच शिकवतो. त्या ते वर्षानुवर्षं करत होत्या, वेगळा वेळ न काढता. डोळे मिटल्यावर धडधड वाढायची, कारण सगळं लक्ष धडधडीवरच जायचं. घाबरलेल्या माणसाचं असं होतं. म्हणून ध्यान तूर्त बाजूला ठेवलं. ठरलं एवढंच: परतीच्या गाडीत ठाणे सोडलं की मोबाइल पर्समध्ये आणि ओठातल्या ओठात एक अभंग.

दुसरी गोष्ट वहीची. रात्री दोन वाजता डोळे उघडायचे आणि मुलाची फी, सासूबाईंची औषधं, साहेबांचा सूर, सगळं एकदम अंगावर यायचं. संध्याकाळी कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत ते सगळं वहीत उतरवायचं. प्रत्येकासमोर उद्या करायचं एक काम, नाहीतर 'माझ्या हातात नाही' एवढं. रात्री जाग आलीच तर मनाला सांगायचं, ते वहीत आहे. ऑफिसातून निघतानाचा सहाचा चहाही बंद केला. चहातल्या कॅफिनचा साधारण निम्मा भाग पाच-एक तासांनंतरही शरीरात असतो. कोमट पाण्यात पाय सोडून बसायलाही सांगितलं होतं. ते दोन दिवसांत बारगळलं.

पण नुसत्या श्वासावर आणि वहीवर मी थांबले नाही. तीन माणसांचं काम एकटीने ओढणाऱ्या बाईला 'शांत राहा' सांगणं हा तिच्यावर अन्यायच आहे. तिसऱ्या भेटीला त्यांच्या मिस्टरांना बोलावलं. आईची रात्रीची औषधं आणि कूस बदलणं त्यांनी स्वतःकडे घेतलं. थोडे कचरले, पण घेतलं. माझ्या मते खरा फरक तिथून पडला.

हे सगळं रोजच्या ताणासाठी. दोन आठवडे झोप नाही, सतत रडू येतंय, जगणंच नकोसं वाटतंय, असं असेल तर घरगुती उपायांवर विसंबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. 14416 हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक रात्रंदिवस, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

सहाव्या भेटीला बाई आल्या तेव्हा पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवली. रात्रीची जाग अजून येते, म्हणाल्या, पण परत डोळा लागतो. "आणि ताई, गुणगुणताना परवा एक ओळ विसरले, तर खिडकीजवळच्या मावशींनी पुढची म्हटली. आता आम्ही तिघी आहोत. रविवारी माळ्यावरून टाळ काढले."